बी दिले, पावती घेतली का?

शहापूर-मुरबाडकडचा शेतकरी बी मागणाऱ्याला नाही म्हणत नाही. शेजारी आला, सोयरा आला, संशोधन केंद्राचे साहेब आले, की कणगीत हात घालून भात काढून द्यायचे ही आपली रीत. रीत चांगली आहे. ती मोडा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पण त्या रीतीत एक उणीव आहे. बी कोणाला दिले, किती दिले, कशासाठी दिले, हे कागदावर कुठेच लिहिलेले नसते. जुन्या काळी त्याने काही बिघडत नव्हते. आता बिघडते. कसे ते सांगतो.

बियाणे ही आता नुसती पेरायची वस्तू राहिलेली नाही. नवीन वाण शोधणाऱ्याला त्या वाणावर कायद्याने हक्क मिळतो. त्याने नोंद केली की त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कंपनीला त्या वाणाच्या पिशव्या भरून विकता येत नाहीत. याला बौद्धिक संपदा म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. जमिनीची जशी मालकी, तशी डोक्यातून आणि कष्टातून निघालेल्या गोष्टीचीही मालकी. जमिनीला सातबारा असतो, तशी याचीही नोंद असते.

कृषी विद्यापीठे आणि सरकारी संशोधन संस्था आता आपल्या संशोधनाची अशी नोंद करू लागल्या आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००६ साली त्यासाठी मार्गदर्शक नियम काढले. वाण असो, अवजार असो की जिवाणू खत असो, त्यावर हक्क घ्यायचा आणि शुल्क घेऊन ते उद्योजकाला बनवायला व विकायला द्यायचे, असा हा मार्ग आहे. यात आपल्याला विचारायचा प्रश्न एकच. विद्यापीठाच्या संशोधनाची नोंद झाली, पण ज्या बियाण्यावरून ते संशोधन निघाले, त्या गावाची नोंद कुठे आहे?

एचएमटी भाताची गोष्ट

हा प्रश्न हवेतला नाही. आपल्याच महाराष्ट्रात तो घडून गेलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे हे जेमतेम शाळा शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल-३’ या भाताचे पीक होते. त्यात काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या भाऱ्यात टाकून झोडल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढून जपल्या. पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, काटेरी कुंपण करून जनावरांपासून राखल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत त्यातून बारीक, मऊ, चांगला शिजणारा तांदूळ तयार केला. त्या वेळी एचएमटीची घड्याळे लोकांत फार चालत होती. त्यावरून १९९० च्या सुमारास या भाताला ‘एचएमटी’ हे नाव पडले. बघता बघता तो भात विदर्भभर आणि बाहेरच्या राज्यांतही गेला.

१९९४ साली सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्राने दादाजींकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणे नेले. हे केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे. १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे असे की, शेतकऱ्याकडच्या बियाण्यात भेसळ होती, आम्ही निवड करून ते शुद्ध केले, चाचण्या घेतल्या, म्हणून तो आमचा सुधारित वाण. दादाजींचे म्हणणे असे की, भात माझा, नावही माझ्याच भाताचे, मग मी कुठे आहे?

न्यायाने पाहायला गेले तर शुद्धीकरण हेही खरे काम आहे. भेसळ काढणे, ठिकठिकाणी चाचण्या घेणे, पैदासकार बियाणे तयार करणे याला वर्षे लागतात आणि पैसा लागतो. ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या माणसाने पहिली लोंबी ओळखली, त्याच्याशी लेखी बोलणी झाली असती, वाणाच्या कागदात त्याचे नाव आले असते आणि बियाण्याच्या विक्रीतला अल्पसा का होईना वाटा त्याच्या घरी गेला असता, तर विद्यापीठाचे काय कमी झाले असते?

दादाजींना मान मिळाला नाही असे नाही. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ने ग्रामीण भारतातील उद्यमशील माणसांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. त्यांनी पुढे आणखी भाताच्या जाती काढल्या. पण २०१८ साली ते आजारी पडले तेव्हा उपचाराच्या खर्चाची ओढाताण होती आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. ज्या भातावर कितीतरी लोकांचे व्यापार उभे राहिले, त्या भाताच्या जनकाची ही अखेर. सत्काराची शाल खांद्यावर पडते, पण तिने दवाखान्याचे बिल भागत नाही.

विद्यापीठाचे बी आले कुठून?

तुम्ही म्हणाल, ही चंद्रपूरची गोष्ट. आपल्याकडं काय? तर आपल्याकडंही मूळ तेच आहे. आपल्या खाचरांत आज कर्जत-३, जया, रत्ना, सुवर्णा ही नावे ऐकू येतात. शेजारच्या रायगड जिल्ह्यातले कर्जतचे भात संशोधन केंद्र ब्रिटिश अमलापासूनचे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि कर्जत केंद्र त्याच्याकडे आले. सह्याद्री हे संकरित भातही तिथलेच. या केंद्राने कोकणातल्या शेतकऱ्याचे भले केले, यात वाद नाही.

पण या केंद्राच्या कामातली जुनी नावे आठवून पाहा. कोळंबा-४२, झिनिया-३१. कोळंबा काय, झिनी काय, ही नावे शास्त्रज्ञाने ठेवलेली नाहीत. ती आपल्या आज्या-पणज्यांनी ठेवलेली. कोकणपट्टीतल्या शेतकऱ्यांच्या खाचरातले बी नेले, त्यातून निवड केली, पुढे आकडा लावला आणि सुधारित जात तयार झाली. म्हणजे शास्त्राची पहिली पायरी गावाच्या कणगीतच होती. त्या काळी कायदा नव्हता, कोणी मागितले नाही, कोणी दिले नाही. त्याबद्दल आज कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु पुढचे बी नेले जाईल तेव्हा तसे होता कामा नये.

आणि पुढचे बी नेले जाणारच. डोळखांब, कसारा, टोकावडे, माळशेजच्या पायथ्याची गावे, इथल्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, कुणबी घरांत अजूनही जुने भात, वरकस जमिनीतली नाचणी-वरी, भातामागचा वाल यांचे घरचे बी सापडते. कमी पाण्यात तग धरणारे, रोगाला न बधणारे, वासाचे, बाळंतिणीला देण्याचे, असे गुण असलेले बी शास्त्रज्ञांना हवेच असते. पावसाचा भरवसा राहिला नाही, त्यामुळे अशा बियाण्याची किंमत वाढत जाणार. ज्याला आपण ‘जुनं-पुराणं’ म्हणतो, ते उद्याच्या संशोधनाचे भांडवल आहे.

हळद वाचली ती लेखामुळे

लिहून ठेवण्याने काय होते, याचे एक उदाहरण देतो. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. कशाचे? तर जखमेवर हळद लावण्याचे! आपल्या घरातले शेंबडे पोरही सांगेल की कापले तर हळद लाव. पण पेटंट कचेरीत ‘आमची आजी लावायची’ हा पुरावा चालत नाही. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, विद्यापीठ परदेशातले असो की देशातले, हक्क सांगण्याची घाई त्याच्या हातून होऊ शकते. दुसरी, हळद वाचली ती कुठेतरी लिहिलेले होते म्हणून. आपल्या झिनीबद्दल, घरच्या वालाबद्दल कुठे काय लिहिलेले आहे?

कायदा शेतकऱ्याच्या बाजूला आहे

आपल्याकडं लोक सरसकट ‘बियाण्याचं पेटंट’ म्हणतात. भारतात बियाण्याला आणि वनस्पतीच्या वाणाला पेटंट मिळत नाही. त्यासाठी वेगळा कायदा आहे. त्याचे नाव पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१. त्याचे प्राधिकरण २००५ साली दिल्लीत स्थापन झाले. या कायद्याने शेतपिकाच्या वाणाला १५ वर्षे आणि झाडे व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते. कंपनी, विद्यापीठ आणि शेतकरी, तिघांनाही नोंदणी करता येते. शेतकऱ्याचा स्वतःचा वाण म्हणून वेगळा रकाना असलेला असा कायदा जगात फार थोड्या देशांत आहे. त्यातल्या कामाच्या बाबी अशा:

एक, कलम ३९ प्रमाणे नोंदलेल्या वाणाचे बीसुद्धा शेतकरी आपल्या घरी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, बदलून घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त त्या वाणाचे नाव छापलेल्या, लेबल लावलेल्या पिशवीतून विकता येत नाही. म्हणजे घरचे सुटे बी पायलीने दिले तर गुन्हा नाही, छापील पिशवी काढली तर परवाना लागतो.

दोन, वाण विकणाऱ्याने तो कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न देईल हे सांगायचे असते. तेवढे दिले नाही तर शेतकरी प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो.

तीन, नोंदणीचा अर्ज करणाऱ्याने आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी राखलेले बी वापरले असेल तर तसे अर्जात सांगावे लागते. कलम ४० ते. लपवले तर अर्ज नाकारता येतो.

चार, शेतकऱ्याच्या वाणातूनच मुख्यतः निघालेला नवा वाण असेल, तर त्यासाठी त्या शेतकऱ्यांची संमती लागते. दादाजींच्या वेळी हे कलम असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

पाच, नोंदल्या गेलेल्या वाणात आपल्या गावाच्या बियाण्याचा हात आहे असे वाटले तर लाभातला वाटा मागता येतो. गावाच्या वतीनेही मागता येतो. त्यासाठी राष्ट्रीय जनुक निधी आहे.

सहा, शेतकऱ्याला या कायद्याखालच्या कामासाठी फी नाही. एकसारखेपणाच्या कसोटीतही शेतकऱ्याच्या वाणाला काही सवलत आहे.

हे कलम ३९ किती मोलाचे आहे ते गुजरातेत दिसले. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने साबरकांठा भागातल्या चार बटाटा उत्पादकांवर आपला नोंदलेला वाण लावल्याबद्दल प्रत्येकी एक कोटीहून अधिक रकमेचा दावा लावला. एवढ्या पैशात त्या शेतकऱ्यांची जमीनजुमला सगळे गेले असते. देशभर ओरड झाली, कायद्यातल्या शेतकरी हक्कांकडे बोट दाखवले गेले आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. तेव्हा कायदा आहे. पण तो आपल्या पायाने चालत गावात येत नाही. त्याला हात धरून आणावे लागते.

मग विद्यापीठाने हक्क घ्यायचा की नाही?

काही कार्यकर्ते म्हणतात, विद्यापीठ जनतेच्या करावर चालते, मग त्याने वाणावर मालकी कशाला सांगावी? सगळे मोकळे सोडावे. ऐकायला हे बरे वाटते. पण मोकळे सोडलेल्या शेतात पहिले जनावर कोणाचे शिरते, ते आपल्याला माहीत आहे. विद्यापीठाने नोंद केली नाही तर एखादा बडा बियाणेवाला तोच वाण रंगीत पिशवीत भरून, वेगळे नाव देऊन, दुप्पट भावाने आपल्यालाच विकेल. विद्यापीठाच्या हातात नोंद असेल तर त्याला अडवता येईल, परवाना देताना बियाण्याचा भाव आणि दर्जा यावर अट घालता येईल, मिळालेल्या शुल्कातून पुढचे संशोधन चालवता येईल.

म्हणून माझे मत असे आहे, की विद्यापीठाने हक्क जरूर घ्यावा. पण त्याचा वापर तीन परींनी करावा. शेतकऱ्याला वाण मोकळा, कंपनीला मोलाने आणि मूळ गावाला मान व वाटा. पहिली गोष्ट कायद्याने दिलेलीच आहे. दुसरी विद्यापीठे शिकत आहेत. तिसरी मात्र आपण मागितल्याशिवाय मिळणार नाही.

आणखी एक मागणी आहे. वाणाचे परवाने देताना मोठ्या कंपन्यांच्या आधी स्थानिक शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना विचारावे, शुल्क त्यांना झेपेल असे ठेवावे. किन्हवलीच्या किंवा धसईच्या गटाने कर्जतच्या पायाभूत बियाण्यापासून प्रमाणित बी तयार केले, तर जून महिन्यात आपल्याला बियाण्यासाठी दुकानापुढे ताटकळावे लागणार नाही आणि पैसाही तालुक्यात राहील. संशोधनाचा व्यापार करायचाच असेल, तर तो मुंबई-हैदराबादेतच व्हावा असे कुठे लिहिले आहे?

गावाने करायची तीन कामे

आता आपल्या अंगणातले पाहू. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (ज्यांना आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो), कृषी खात्याचे कर्मचारी आणि बी राखणारी घरे, यांनी मिळून तीन कामे करायची आहेत. तिन्हींना खर्च जवळजवळ नाही.

पहिले काम नोंदवहीचे. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ही वही कागदोपत्री झाली आणि कपाटात गेली असे होऊ नये. ती बाहेर काढा. तिच्यात आपल्या गावच्या भाताच्या, नाचणीच्या, वालाच्या जाती आहेत का ते बघा. नसतील तर भरा. नुसते ‘भात – झिनी’ एवढे लिहून भागत नाही. दाणा कसा, वास आहे का, किती दिवसांत तयार होतो, कोणत्या जमिनीत येतो, पाण्याचा ताण सोसतो का, रोग कोणता लागत नाही, किती पिढ्यांपासून आहे आणि कोणाच्या घरी आहे, हे सगळे लिहा. वर तारीख घाला. फोटो काढून ठेवा. आणि एक गोष्ट विसरू नका. बी निवडणारी, उन्हात वाळवणारी, राखेत घालून जपणारी ही बहुतेक घरातली बाईमाणूस असते. सातबाऱ्यावर तिचे नाव नसेल, या वहीत तरी असू द्या.

दुसरे काम पावतीचे. बी कोणीही मागो, द्यायला हरकत नाही, पण पावती घ्या. ती अशी असावी: “मौजे अमुक येथील अमुक यांच्याकडील भाताच्या अमुक पारंपरिक जातीचे इतके किलो बियाणे आज रोजी फक्त अभ्यास व चाचणीसाठी मिळाले. त्यापासून नवीन वाण काढल्यास मूळ गावाचे व बियाणे राखणाऱ्याचे नाव नमूद करू. नोंदणी अथवा विक्री करण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घेऊ.” खाली नेणाऱ्याची सही, हुद्दा, संस्थेचा शिक्का. एक प्रत घरात, एक ग्रामपंचायतीत. प्रामाणिक शास्त्रज्ञ अशा पावतीवर आनंदाने सही करील, कारण उद्या त्याच्याच संशोधनावर किटाळ येणार नाही. जो सही करायला कां-कू करतो, त्याला बी देण्याआधी चार वेळा विचार करावा.

शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत. गावचे पारंपरिक बी बाहेर देताना पावती घेतलीच पाहिजे, असा ठराव या ग्रामसभांनी तरी करायला काय अडचण आहे?

तिसरे काम नोंदणीचे. गावात एखाद्याकडे खरोखर वेगळे वाण असेल, तर शेतकऱ्याचा वाण म्हणून प्राधिकरणाकडे अर्ज करावा. या अर्जावर शिफारस कोणाची लागते? ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचे अध्यक्ष किंवा सचिव, जिल्ह्याचे कृषी अधिकारी, विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्ह्याचे आदिवासी विकास अधिकारी, यांपैकी एकाची. म्हणजे दिल्लीच्या नोंदणीची पहिली सही आपल्या ग्रामपंचायतीतच होऊ शकते. हे किती सरपंचांना ठाऊक आहे? अर्जाला मुदतीच्या अटी असतात, चाचणीसाठी शुद्ध बी द्यावे लागते, त्यामुळे हंगामात लोंब्या निवडतानाच तयारी करावी लागते. कर्जतच्या केंद्राची मदत मागावी. तिथले शास्त्रज्ञ आपले शत्रू नाहीत. गावाची नोंद पक्की असेल तर तेच आपले साक्षीदार होतील. शिवाय जुन्या जाती राखणारे शेतकरी आणि गावे यांना प्राधिकरणाचे रोख पुरस्कारही आहेत.

अवजारांचेही तसेच

हे सगळे बियाण्यापुरते नाही. भातकापणीचा वैभव विळा कोकण कृषी विद्यापीठाने काढला. आंबा उतरवायचा नूतन झेलाही त्यांचाच. विळ्याला दाते आले, कापणीचे श्रम कमी झाले. अशी साधी अवजारे आपल्या लोहारांनी आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांनी विद्यापीठाशी करार करून बनवावीत, यात रोजगार आहे.

आणि आपल्यातल्या कल्पक पोरांसाठी एक सूचना. कोणी भात झोडायचे यंत्र सुधारले, लावणीसाठी काही जुगाड केले, तर उत्साहाने लगेच प्रदर्शनात मांडू नका आणि मोबाईलवरून जगाला दाखवू नका. अवजाराला, यंत्राला पेटंट मिळते, ते अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचे असते. पण अर्जाआधी ते जगजाहीर झाले तर त्यात नवीन काही राहिले नाही म्हणून पेटंट हातचे जाऊ शकते. आधी अर्ज, मग प्रदर्शन. कच्चा अर्ज करून १२ महिन्यांत पक्का करण्याचीही सोय आहे.

नावालाही किंमत असते

शेवटचा मुद्दा नावाचा. वाडा कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाडा तालुका २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. या तांदळाला झिनी असेही म्हणतात. मानांकन म्हणजे त्या नावावर त्या भागातल्या उत्पादकांचा हक्क. ठरवून दिलेल्या क्षेत्राबाहेरच्या तांदळाला ते नाव लावता येत नाही. हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हेही आहेत आणि मानांकन मिळवणाऱ्या संस्थांत कोकण कृषी विद्यापीठही आहे. विद्यापीठ आणि बागायतदार एकत्र आले की काय होते, त्याचा हा चांगला दाखला. मात्र मानांकन मिळाले म्हणजे आपोआप भाव मिळतो असे नाही. प्रत्येक शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. आपल्या भागातल्या ज्यांच्या हापूसच्या बागा आहेत, त्यांनी ही नोंद केली आहे का, हे स्वतःलाच विचारावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्याकडं भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी आहे. ते पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याच्या वेळी आपल्याला विचारले गेले नाही. बियाण्याच्या वेळी विचारले जावे अशी सोय कायद्याने करून ठेवली आहे, ती वापरली नाही तर मात्र दोष दुसऱ्याला देता येणार नाही.

येत्या ग्रामसभेत चहापाण्याआधी एकच विषय काढा: आपल्या गावची जैवविविधता नोंदवही कुठे आहे? ती टेबलावर ठेवायला सांगा. तिच्यात आपल्या घरच्या बियाण्याचे पान शोधा. पान नसेल, तर त्याच सभेत ते लिहून घ्या, सरपंचांची सही घ्या आणि मगच घरी जा.